दहा सांगून सात देणारा

मी पिपेट बोलतोय. ओळखलं नाहीत ना? हरकत नाही, प्रयोगशाळेबाहेर आम्हाला कुत्रंही विचारत नाही. लांबट देह, डोक्यावर अंगठ्याने दाबायचं बटण, पोटात एक बारीक दट्ट्या आणि त्याच्याभोवती रबराची कडी, कमरेला आकड्यांची छोटी खिडकी. तळाशी प्लास्टिकचं निमुळतं टोक चढवतात, त्याला टिप म्हणतात. टिप द्रवात बुडवून अंगठा सैल सोडला की मी मोजून तेवढाच द्रव वर ओढतो, आणि पुन्हा दाबलं की तेवढाच खाली सोडतो.

एवढंच काम, पण ते किती बारीक आहे ते ऐका. नळाखाली एक थेंब पकडा आणि त्याचे पाच भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे साधारण दहा मायक्रोलिटर. तेवढंसं मोजून देणं हा माझा धंदा आहे. तेव्हा माझ्याशी जरा आदराने बोला.

आज मी फार खुशीत आहे. का ते सांगतोच, पण त्यासाठी आधी माझी करणी सांगावी लागेल. ती काही फारशी भूषणावह नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. पांढरा कोट घातलेल्या एका बाईने मला शुद्ध पाणी ओढायला लावलं आणि ते तराजूवर टाकलं. असं दहा वेळा केलं. दहा मायक्रोलिटर पाण्याचं वजन दहा मिलिग्रॅम भरायला हवं, आणि ते दहाही वेळा भरलं. बाईने माझ्या नावाचा कागद केला, 'अचूक' असा शिक्का मारला आणि मला खोक्यात बसवलं. तेव्हा माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती पुढे अकरा वर्षं उतरली नाही.

खोकं उघडलं ते ताईने. ताई म्हणजे माझी मालकीण. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. मेंदूच्या कर्करोगावर संशोधन करायला ती नुकतीच आली होती, आणि तो तिचा तिथला पहिला आठवडा होता. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. लांबलचक ओटे, काचेची दारं असलेली कपाटं, कोपऱ्यात घुर्र घुर्र करणारा मोठा फ्रीझर, आणि खिडकीतून दिसणारं रुग्णालयाचं मागचं दार. दोन्ही इमारतींना जोडणारा एक पूल होता. पुलापलीकडे शस्त्रक्रियेच्या खोल्या.

ताईने मला हातात घेतलं, दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं आणि पर्समधून हिरवं नेलपॉलिश काढून माझ्या पाठीवर एक ठिपका दिला. मी तिचा झालो. या संशोधक जमातीची ही एक रीतच आहे. ते एकमेकांचा डबा खातील, छत्री नेतील, गुपितंसुद्धा वाटून घेतील. पण दुसऱ्याच्या पिपेटला हात लावला की महाभारत. प्रत्येकाची काहीतरी खूण असते. कोणी चिकटपट्टी लावतो, कोणी दोरा बांधतो. आमचा हिरवा ठिपका.

ताईचे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. शांत माणूस. रागावले की आणखी शांत व्हायचे, म्हणून सगळे त्यांना टरकून असत. ताईच्या घरी तिची आई. शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश आणि कोट शिवायची. ताईचे हात कामात असले की ती फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची, त्यामुळे आई रोज माझ्याही कानावर पडायची. कितीतरी वर्षं तिला मुलगी नेमकं काय करते तेच कळत नव्हतं. रोज विचारायची, "आज उंदीर किती मेले गं?" ताई सांगायची की अगं आई, मी उंदरांवर काम करत नाही, पेशींवर करते. आई म्हणायची बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदरांची विचारपूस.

पिपेटांची वर्षातून एकदा तपासणी असते. त्यासाठी एक काका यायचे. हातात ट्रे, खिशात बारका स्क्रूड्रायव्हर. सगळी पिपेटं गोळा करून न्यायची, तोलायची, दुरुस्त करायची आणि पंधरा दिवसांनी परत आणायची, असं त्यांचं काम. तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडून एक घोटाळा झाला. माझ्या जागी ताईच्या हातात दुसरंच कोणीतरी आलं आणि मी दोन मजले वर कुणाच्या तरी खणात जाऊन पडलो. हिरव्या ठिपक्यावरून ताईने मला शोधून काढलं, तेव्हा महिना उलटला होता. महिनाभर त्या परक्या पिपेटने तिचा अंगठा दुखला होता.

त्यानंतर काका यायच्या दिवशी ताई मला हातमोज्यांच्या खोक्यामागे खणात लपवू लागली. काकांना सांगायची, माझं झालंय. नियमाप्रमाणे माझ्या अंगावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी हवी होती, पण ती नाही हे कोणी पाहिलंच नाही. मला तर कोण आनंद व्हायचा. मी खणात बसून ऐकायचो, बाकीची मंडळी ट्रेमध्ये खडखडत चालली आहेत. वाटायचं, जा बाबांनो, तुमच्या अचूकतेचा भरवसा नसेल तुमच्या मालकांना.

आता त्या दिवसाकडे येतो.

ताईला तिथे सात वर्षं झाली होती. पदवी मिळाली होती आणि सरांनी तिला स्वतःचा प्रकल्प दिला होता. माझ्या टिपमध्ये आम्ल होतं. एवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला: ट्यूमर निघालाय, वीस मिनिटांत या. ताजा तुकडा थंड डब्यात आणून पोषक द्रवात ठेवला नाही तर पेशी मरतात. ताई उठली आणि मला ओट्यावर आडवा टाकून पळाली.

टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवं ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला धडा. नव्या माणसाला ताई स्वतः हा धडा द्यायची, बोट नाचवून नाचवून. आणि तिनेच मला आडवा टाकला. आम्ल हळूहळू मागे सरकलं आणि माझ्या पोटात गेलं. रबराची कडी जळत होती, आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

दोन तासांनी ताई आली तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. तो तुकडा एका बसचालकाच्या मेंदूतला होता. संशोधनाला द्यायच्या संमतीच्या कागदावर त्याने आदल्या दिवशी सही केली होती. ताईने सरांना सांगितलं, की सही करताना तो म्हणाला, "माझ्या डोक्यातून काहीतरी उपयोगाचं निघालं, एवढं माझ्या बायकोला सांगा. तिचा विश्वास बसणार नाही." सर कधी नव्हे ते मोठ्याने हसले. ताईने मला उचललं, बाहेरून पुसलं आणि कामाला लावलं. आतलं कोण बघतो?

त्या दिवसापासून मी दहा म्हटलं की सात द्यायला लागलो.

मला ते कळत होतं. कडी झिजली होती, ओढताना वारा खात होती. पण खिडकीत आकडा दहाच दिसायचा, आणि माणसं आकडा बघतात. मी मनातल्या मनात स्वतःची समजूत घातली: थेंबाचा पाचवा भाग, त्यातलं थोडंसं कमी, कोणाला कळतंय? खरं सांगतो, लाज वाटायची. पण त्याहून जास्त भीती वाटायची, की ताईला कळलं तर ती मला टाकून देईल.

बसचालक चौदा महिन्यांनी गेला. त्याच्या पेशी मात्र काचेच्या बाटल्यांमध्ये वाढत राहिल्या. ताईने बाटल्यांवर 'चालक' असं लिहिलं होतं. रोज सकाळी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून विचारायची, काय चालक, बरे आहात ना? कर्करोगाच्या पेशीला बरं असण्याची शुभेच्छा देणारी माणसं फक्त इथेच सापडतील.

या चालकाच्या पेशींत ताईला एक गंमत सापडली. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो, आणि तो रोज कुठे ना कुठे तुटतो. तो दुरुस्त करायला प्रथिनं असतात, घराला गवंडी असतात तशी. चांगल्या पेशीत दोन गवंडी असतात. चालकाच्या ट्यूमरमध्ये एक गवंडी बेपत्ता होता, सगळं काम दुसऱ्याच्या अंगावर. ताईला वाटलं, या दुसऱ्याचे हात बांधणारं औषध दिलं तर? चांगल्या पेशीत पहिला गवंडी वेळ निभावून नेईल. ट्यूमरच्या पेशीत कोणीच उरणार नाही, आणि ती कोसळेल.

एका शुक्रवारी तिने प्लेट लावली. प्लेट म्हणजे खळगे पाडलेली प्लास्टिकची थाळी. वरच्या रांगेत चालकाच्या पेशी, खालच्या रांगेत निरोगी पेशी, आणि प्रत्येक खळग्यात माझ्याकडून औषध. काही खळग्यांत पाच मायक्रोलिटर, काहींत दहा, काहींत वीस. मग तीन दिवस उबदार कपाटात.

सोमवारी सकाळी ताईने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पाचच्या खळग्यांत कोणीच मेलं नव्हतं. वीसच्या खळग्यांत सगळेच मेले होते. आणि दहाच्या खळग्यांत... ती उठली, खोलीत एक चक्कर मारून आली आणि पुन्हा बसली. वरच्या रांगेत चालकाच्या पेशी मरून तरंगत होत्या, आणि खालच्या रांगेत निरोगी पेशी तळाला पाय रोवून मजेत उभ्या होत्या. तिने तो प्रयोग आठ वेळा केला. आठही वेळा तेच झालं. मी आनंदाने नुसता थरथरत होतो. दहा नव्हतेच ते, सात होते. पण त्या क्षणी मीसुद्धा ते विसरलो.

लेख छापून आला. चिठ्ठ्या आल्या, भाषणांची आमंत्रणं आली. रुग्णालयाची समिती म्हणाली, पुढच्या टप्प्याचा विचार करू. आईने फोनवर विचारलं, "म्हणजे आता उंदरांना बरं वाटेल का?" ताई म्हणाली, हो आई, उंदरांना अगदी छान वाटेल.

आणि मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्ही तुमचा प्रयोग सहा वेळा केला, त्यांनी लिहिलं होतं. पाचला कोणी मरत नाही, आणि दहाला दोन्ही प्रकारच्या पेशी मरतात. तुम्ही दाखवलेला फरक आम्हाला कुठेच दिसला नाही.

सरांनी हा प्रयोग आमच्याच खोलीतल्या एका संशोधकाला करायला सांगितलं. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, कारण 'पण' या शब्दाशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. त्याने त्याच्या पिपेटने, म्हणजे पिवळ्या चिकटपट्टीवाल्याने, प्लेट लावली. सोमवारी दोन्ही रांगा मेलेल्या. ताईने शेजारी बसून माझ्या साहाय्याने प्लेट लावली. तिची वरची रांग मेलेली, खालची जिवंत. पेशी त्याच, औषध तेच, कपाट तेच.

मग कुजबुज सुरू झाली. चहाच्या यंत्रापाशी कोणीतरी म्हणालं, ताईच्या हाताला गुण आहे. डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणतात तेव्हा ते कौतुक असतं. संशोधकाच्या हाताला गुण आहे म्हटलं, तर त्याचा अर्थ बाई आकडे गाळून घेते.

लेख छापणाऱ्यांनी एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात दुसऱ्या कोणाच्या हातून प्रयोग जमवून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. मागे घेतला असता तर ते औषध पुन्हा कोणी हातात धरलं नसतं. आणि ताईचं नाव? काचेला तडा गेल्यावर ती कोण वापरतं?

सर ताईच्या ओट्यापाशी आले आणि स्टूल ओढून बसले.

"माझा तुझ्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण बाहेरचे विचारणारच, म्हणून मी आधी विचारतो. नको असलेल्या प्लेट बाजूला टाकल्यास का?"

"नाही."

"एकही?"

"सर, एकही नाही. मला स्वतःलाच कळत नाहीये काय चाललंय."

सर मान हलवून गेले. ताईने मला हातात धरलं होतं, आणि तिचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला होता. अकरा वर्षांत तिचा हात इतका गार कधी लागला नव्हता. मी ओरडत होतो: मी आहे, मी केलंय, मला तोल. पण पिपेटाचं ओरडणं ऐकतं कोण?

दोन दिवसांनी आईचा फोन आला. ताई पेशींना खाऊ घालत होती, फोन ओट्यावर. आई रागात होती. एका गिऱ्हाइकाचा कोट घट्ट झाला होता.

"अगं, माझी टेप जुनी झालीय, ताणली गेलीय," आई म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. कारण मी त्याच टेपने माप घेते आणि त्याच टेपने कापते, मग बरोबर बसतं. परवा माप मी घेतलं आणि कापलं मदतनीस बाईने, तिच्या नव्या टेपने. झाला कोट घट्ट. दिवसभर आम्ही त्या बिचाऱ्याला म्हणतोय, तुम्हीच जाड झालात."

ऐक, ताई, ऐक. आई तुला उत्तर हातावर आणून ठेवतेय.

ताई हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, आई, तू नवी टेप घे आणि त्या माणसाची माफी माग. आणि फोन ठेवून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. शंकासुराने एक कागद आणला आणि म्हणाला, "पण ताई, आपण दोघं नेमकं काय वेगळं करतो ते एकेक करून पाहू या का?" मग अदलाबदल सुरू झाली. त्याने तिची पाण्याची बाटली घेतली. तिने त्याचं पोषक द्रव घेतलं. औषधाची कुपी बदलली. जागा बदलल्या. प्लेट बनवणारी कंपनीसुद्धा बदलली. प्रत्येक वेळी ताईचा प्रयोग जमायचा आणि शंकासुराचा फसायचा. दिवस वाचवायला ते एकाच वेळी चार-चार प्लेट लावत होते, आणि कागदावर काट मारत होते. दहा दिवसांपूर्वी, गेल्या शुक्रवारच्याही आदल्या शुक्रवारी, कागद संपला.

शंकासुराने ओट्यावरची एकेक वस्तू पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "पण ताई, पिपेट राहिलं."

"कुठलं पिपेट?"

"तुमचं. हिरव्या ठिपक्याचं."

"त्याचं काय? ते तर माझंच आहे."

"म्हणूनच."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काकांच्या त्या घोटाळ्यानंतर मला ताईशिवाय कोणी हात लावला नव्हता, आणि आता ती मला दुसऱ्याच्या हातात देणार होती. तिने दिलं. शंकासुराचा हात घामट होता आणि अंगठा जाड. मला अजिबात आवडला नाही. पण त्याने प्लेट लावली, आणि शेजारी ताईने पिवळ्या चिकटपट्टीवाल्याने लावली.

ते तीन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सोमवारी सकाळी दोघंही ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आले. आधी ताईची प्लेट. दोन्ही रांगा मेलेल्या. तिचा चेहरा पडला. मग शंकासुराची. त्याने डोळा लावला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'पण' निघालं नाही. तो बाजूला झाला.

ताईने पाहिलं. वरची रांग मेलेली, खालची जिवंत.

दोघं सरळ तराजूकडे धावले. धावता धावता ताई स्टुलाला धडकली, तिने मला छातीशी घट्ट धरलं होतं. तराजूवर छोटी वाटी, खिडकीत दहाचा आकडा, शुद्ध पाणी. दाबलं.

सात पूर्णांक एक.

पुन्हा. सात. पुन्हा. सात पूर्णांक एक. तीस वेळा तोललं, तीसही वेळा सातच्या आसपास.

"खोटं बोलतोय," शंकासुर म्हणाला. "पण रोज एकच खोटं बोलतोय."

ताई स्टुलावर बसली. आधी तिला वाटलं, संपलं सगळं, चार वर्षांचे सगळे आकडे चुकीचे. हे मला तिच्या हातावरून कळलं. मग तो हात एकदम ताठ झाला. तिने शंकासुराच्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं: पाचला काही नाही. दहाला सगळे मरतात. सातला फक्त ट्यूमर. "फरक आहे," ती म्हणाली, "फरक खरा आहे. आपण आकडा चुकीचा सांगितला. ते बिचारे दहा टाकत होते, कारण मी त्यांना दहा सांगितलं." आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि एकदम उठून तिने आईला फोन लावला. तिला काही सांगताच येईना. नुसतं म्हणत राहिली, टेप, आई, टेप. आई घाबरली आणि म्हणाली, बाळा, जेवलीस का?

मला वाटलं होतं ती मला कचऱ्यात फेकेल. तिने मला पुसलं आणि स्टँडवर उभा ठेवला.

सर खूश झाले. म्हणाले की लगेच दुरुस्तीपत्र लिहू: उपकरणातील दोषामुळे औषधाची मात्रा चुकीची नोंदली गेली, खरी मात्रा सात. एवढं पुरे, असं होतं कधीकधी, कोणी काही म्हणणार नाही.

ताई म्हणाली, "सर, उपकरणाने स्वतःला खणात लपवलं नाही. मी लपवलं. दर वर्षी."

"हे लिहिलंस तर लोक हसतील."

"हसू देत. गेल्या महिन्यात ते हसत नव्हते, तेव्हा जास्त वाईट होतं."

तिने सगळं लिहिलं. तपासणीला दिलं नाही, आडवं ठेवल्यामुळे आम्ल आत गेलं असावं, आणि ही चूक तिची स्वतःची. दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तेच कळवलं, त्यांचा वेळ वाया घालवल्याबद्दल माफी मागितली आणि विनंती केली की एकदा सात टाकून पाहा. माझा उल्लेख छापून येणार आहे बरं का. अख्ख्या जगात किती पिपेटांच्या नशिबी हे येतं? दोषी म्हणून का होईना.

दुपारी काकांना बोलावणं गेलं. त्यांनी ताईच्या समोरच मला उघडलं आणि चिमट्याने कडी बाहेर काढली. काळी, खरबरीत, एका बाजूने खाल्लेली. काकांनी ताईकडे बघून म्हटलं, "तुमचं झालंय असं तुम्ही मला दर वर्षी सांगत होतात." ताई म्हणाली, चुकले काका. काका म्हणाले, तेव्हा महिनाभर ते हरवलं ती माझीही चूक होती, आणि नवी कडी बसवून मला तराजूवर घेतलं. दहा. दहा. दहा. चार वर्षांनी मी जे तोंडाने म्हणत होतो, तेच हाताने दिलं. फार हलकं वाटलं हो.

मग शुक्रवारी तीन प्लेट लागल्या. एक ताईने माझ्याकडून. दुसरी शंकासुराने पिवळ्या पट्टीवाल्याकडून. तिसरी लावायला सर स्वतः बसले. त्यांनी कित्येक वर्षांत पिपेट धरलं नव्हतं. पहिल्या दोन टिप त्यांनी वाकड्या चढवल्या आणि कोणी हसलं नाही. लावण्याआधी तिघांनी आपापलं पिपेट तोललं. प्रत्येक खळग्यात सात.

आज सोमवार. आज सकाळी प्लेट बाहेर आल्या. सगळी खोली सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाली. ताईची प्लेट: वरची रांग मेलेली, खालची जिवंत. शंकासुराची: तीच. सरांची: तीच. सर डोळा बाजूला करायलाच तयार होईनात. मग तसेच वाकून त्यांनी विचारलं, "किती टाकलं होतंस म्हणालीस?"

"सात," ताई म्हणाली. "तोलून."

आणि एवढ्यात फोन वाजला. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई होत्या. ताईने फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. बाई धापा टाकत होत्या, बहुतेक जिना चढून आल्या असाव्यात. म्हणाल्या, "आमच्याकडेही झालं. सातलाच. आमच्या पाच पिपेटांनी, पाच जणांच्या हातून."

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. अकरा वर्षं मी समजत होतो की ताईच्या यशात माझा हात आहे, मी नसलो तर काही होणार नाही. आणि आता कळलं, ते कुठल्याही पिपेटने होतं, कुठल्याही हातून होतं. पण काय सांगू, इतका आनंद मला कारखान्यातल्या त्या शिक्क्यानेही झाला नव्हता. जे फक्त माझ्याचकडून होत होतं, त्याच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता. जे आता सगळ्यांकडून होतंय, ते खरं आहे. त्यातून पुढे काय निघेल ते मला माहीत नाही. ताई म्हणते वर्षं लागतील, आणि कदाचित काहीच निघणार नाही. पण आता पुढचं पाऊल टाकता येईल. पुलापलीकडे ज्यांच्या डोक्यात तसाच एक गवंडी बेपत्ता आहे, त्यांच्यासाठी कोणीतरी काम करत राहील.

जाता जाता एकच मागणं. तुमच्या हातात जे मोजायचं साधन असेल, टेप असो, तराजू असो, घड्याळ असो, त्याच्यावर खुशाल माया करा. पण त्याला अधूनमधून तोलूनही बघा. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट आमच्या मनावरचं ओझं उतरतं, कारण आम्हाला स्वतःहून कबूल करता येत नाही.

चला, मला उचललंय. ताईने टिप चढवली. मघापासून शंकासुर शेजारी उभा राहून विचारतोय, पण ताई, साडेसहा मायक्रोलिटरला काय होईल? आता ते बघायचंय.